दाजी, दोरीला तूस सुटलंय

कोल्हापूरचा पाऊस ज्यानं काढलाय त्याला सांगायला नको, जुलैत जीन्स वाळत नसते, नुसती वास मारत लोंबकळत असते. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर गेली की धोका, सगळं कसं आधी कळतं. पण आमच्या गॅलरीत छताला जे पुलीवर वर-खाली करायचं कपड्यांचं स्टँड आहे ना, त्याची दोरी तुटायच्या आधी कोण इशारा देतंय? ओल्या चादरीसकट पाईप डायरेक्ट डोक्यात. दुकानदार दरवेळी नवीन दोरी देताना म्हणतो लाईफटाईम आहे, कुणाची लाईफ ते सांगत नाही.

मेहुणा गोव्यात शिडाच्या बोटींवर काम करतो, पावसाळ्यात तिकडं बोटी बंद म्हणून इकडं तांबडा-पांढरा ओरपायला आलेला. जेवताना वर बघितलं आणि वाटी तशीच ठेवून उठला. "दाजी, हे तर आमच्या फर्लरचं दुखणं!" म्हणजे बोटीचं पुढचं शीड तारेभोवती गुंडाळायला खाली एक ड्रम असतो, त्याची दोरी ओढली की ड्रम फिरतो आणि शीड गुंडाळलं जातं, पण ती दोरी ड्रममध्ये सरळ, तारेला काटकोनात शिरली पाहिजे, तिरकी गेली की कडेला घासून घासून झिजते आणि जोराच्या वाऱ्यात तुटली तर अख्खं शीड फडफडत उघडं. आमच्यात फारतर टॉवेल शेजाऱ्यांच्या गॅलरीत जातो, पण ऐकून घेतलं.

मग साहेब स्टुलावर, मोबाईलचा टॉर्च लावून. पुलीच्या चाकात कपड्यांचा भुगा आणि साबणाचा थर एवढा बसलेला की चाक फिरतच नव्हतं, दोरी त्याच्यावरनं नुसती फरफटत होती, आणि बरोबर तिथंच तिला पांढरं तूस सुटलेलं. त्यात भिंतीवरचा हुक स्विचबोर्ड वाचवायला बाजूला मारलेला, त्यामुळं दोरी पुलीच्या पत्र्यालाच रेलून बसलेली. जुन्या टूथब्रशनं चाक साफ केलं, हुक सरळ रेषेत घेतला. बायको म्हणाली, "मी कधीपासून सांगतेय हुक सरकवा, माझ्या भावानं बोटीचं नाव काढलं की लगेच ड्रिल सापडलं व्हय!" यावर काय बोलणार.

नायलॉन भिजलं की ताणतं म्हणून दोरी पॉलिएस्टरची आणली. आणि खरी अक्कल पुढंच आहे, बगा. पाईप रोज त्याच उंचीला थांबतो म्हणजे दोरीचा तोच इंचभर भाग पुलीवर वजन घेऊन बसतो, म्हणून अधनंमधनं पाईपाकडची गाठ सोडून वीतभर दोरी कापायची, टोक काडीनं जाळायचं, परत बांधायचं, की झीज पुढं सरकते. बोटीवर पण असंच करतात म्हणे.

कापलेले तुकडे आईनं गोळा केलेत. सध्या घरातली पोहे-रव्याची एकूण एक पिशवी अशी करकचून बांधलेली आहे की चहाला पाहुणे आले तरी पोहे सुटत नाहीत.