वेबसाइट नंतर, आधी सिम वेगळं घ्या

घरगुती धंदा सुरू करण्यावरच्या या लेखात पहिल्याच महिन्यात वेबसाइट करा म्हटलंय, ते काही पटलं नाही. आम्ही घरची सोलं (आमसुलं) नि खोबरेल गोव्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात विकतो. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर फोटो मागतं, वेबसाइट कोण बघतंय! धंद्याचं वेगळं सिम, त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस (फुकट आहे, कॅटलॉगही लावता येतो) आणि चालू खात्याला जोडलेला यूपीआयचा क्यूआर, एवढ्यावर सुरुवात होते. घरखर्चाच्या खात्यात पैसे घेतलेत तर मार्चमध्ये हिशेब लावताना रडाल.

वेबसाइट केलीच तर डोमेन (वेबसाइटचा पत्ता) स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवरून घ्या. आमची वेबसाइट करून देणाऱ्याने ते त्याच्याच नावावर घेतलेलं. नूतनीकरणाच्या वेळी तो फोन उचलेना, पत्ता गेला. लेबलांवर तोच पत्ता होता, सगळी पुन्हा छापली. आणि पावसाळ्यात वीज जाते तेव्हा हिशेबाला वही लागतेच हं.