खुलासा : किल्लारीचा दाखला आणि गल्लीतली नवी इमारत

‘गल्लीत सात मजली इमारत झाली की भूकंपात आपल्या घरांवर कोसळणार, किल्लारीत हेच झालं,’ असा मेसेज लातुरात फिरतोय. किल्लारीत असं झालं नव्हतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे माणसं गेली ती मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदांखाली, म्हणजे मातीच्या जड सपाट छपरांखाली. त्यांच्या नावावर अफवा पसरवू नये, ही कळकळीची विनंती.

काळजी करायची तर खोदकामाची करा. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तळघरासाठी आपल्या घराच्या पायालगत आधाराशिवाय खोल खड्डा घेतला, तर शेजारची भिंत खचू शकते. माती परीक्षणाचा अहवाल आणि खड्ड्याच्या बाजूंना आधार कसा देणार, हे महापालिकेकडे लेखी मागा. अग्निशमनची गाडी गल्लीत वळेल का, तेही विचारा. खोदकामाआधी आपापल्या भिंतींचे तारखेसह फोटो काढून ठेवा, भाडेकरूंनीसुद्धा.