दोन स्टारवाल्या रिव्ह्यूला मालकाचं उत्तर: "प्लायवूडच्या पेटीचे एवढे पैसे?"

नमस्कार दादा, रिव्ह्यू वाचला. पहिल्यांदा वाचला तेव्हा डोकं तापलं, म्हणून चार दिवस थांबून आज लिहितोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की मी बनवलेलं आर्केड कॅबिनेट (जुन्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये असायची तशी उभी गेमची पेटी) तीन आठवडे उशिरा आलं, बेडरूममध्ये जाईना म्हणून हॉलमध्ये ठेवावं लागलं, दोन महिन्यांत एक बटण अडकायला लागलं, पॅकमॅन नीट वळत नाही, स्क्रीनच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसतात, गेम एकही आत भरून दिला नाही, आणि वर हे सगळं "प्लायवूडची पेटी आणि छोटा कॉम्प्युटर, घरी केलं असतं तर चौथ्या हिश्शात झालं असतं".

आधी माझ्या चुका. उशीर माझाच, दोन ऑर्डर एकदम घेतल्या आणि रंग सुकायला किती दिवस जातात हे माहीत असून तुम्हाला जवळची तारीख दिली. दाराचं माप तुम्ही बरोबर पाठवलं होतं, पण फुल साइजचं कॅबिनेट पावणेसहा-सहा फूट उंच आणि पुढे कंट्रोल पॅनल बाहेर आलेलं, ते पॅसेजमध्ये वळवायला जागा आहे का हे मी विचारायला हवं होतं. बटणाचं पण सांगतो, त्या बटणाला ३० मिलिमीटरचं भोक लागतं, मी भोक पाडून मग वरून लॅमिनेट लावलं आणि एका ठिकाणी कड नीट घासली नाही, त्यामुळे बटणाची कॉलर दाबली जाते आणि आतला भाग वर यायला कुरकुर करतो. बटण चांगलंय, भोक वाईट आहे.

पॅकमॅनचं मात्र वेगळं आहे, ते मी दाखवायला विसरलो. तुम्हाला स्ट्रीट फायटर टू पाहिजे होता म्हणून एट-वे जॉयस्टिक लावला, तो तिरका पण जातो. १९८० चा पॅकमॅन फोर-वे म्हणजे चारच दिशांच्या जॉयस्टिकसाठी बनलेला, तिरकं तिथे काही नाहीच, त्यामुळे हात जरा तिरका गेला की दोन स्विच एकदम लागतात आणि गडी भलतीकडेच जातो किंवा वळायचंच विसरतो. तुमच्या जॉयस्टिकच्या खाली चौकोनी प्लेट आहे, ती ४५ अंश फिरवली की झाला फोर-वे. दोन मिनिटांचं काम आहे आणि मी ते डिलिव्हरीच्या दिवशी सांगितलं नाही, घाईत होतो.

काळे पट्टे पण तसेच. पॅकमॅन, गॅलगा, डाँकी काँग हे उभ्या स्क्रीनचे गेम, पॅकमॅनचं चित्र २२४ रुंद आणि २८८ उंच पिक्सेलचं. आडव्या स्क्रीनवर बाजूला जागा उरणारच, ताणून बसवलं तर पॅकमॅन जाडा होतो. उभी की आडवी हे मी विचारलं होतं आणि फायटिंग गेमसाठी तुम्ही आडवी सांगितलीत, तर हा माझ्या खात्यात टाकू नका प्लीज.

गेम मी आत भरून देत नाही आणि देणारही नाही. मेम, म्हणजे जुने आर्केड गेम कॉम्प्युटरवर चालवणारं सॉफ्टवेअर, १९९७ पासून आहे, ते फुकट मिळतं, पण त्यात चालणारे गेम त्या त्या कंपन्यांचे आहेत, ते कॉपी करून विकणं म्हणजे चोरीच. बाजारात मिळते ती "दहा हजार गेमवाली" पेटी कधी उघडून बघा, एकच गेम जपानी, अमेरिकन, युरोपियन करत पाच वेळा मोजलेला असतो.

आता पैशाचं. कॉम्प्युटरची किंमत तुम्ही लिहिलीत ती बरोबर आहे, रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर ऐंशीच्या दशकातले गेम आरामात चालतात आणि माझ्या बिलातला सगळ्यात छोटा आकडा तोच आहे. पैसे जातात ते हात टेकतो तिथे. दोन प्लेअर म्हणजे प्रत्येकाचे जॉयस्टिकचे चार स्विच, सहा बटणं, एक स्टार्ट, एक कॉइन, असे एकूण २४ स्विच, प्रत्येकाची सिग्नलची वायर वेगळी, आणि ते असं बांधायचं की दोन वर्षांनी पॅनल उघडणाऱ्याला कळलं पाहिजे कुठली कुठे जाते. कडेला जी प्लास्टिकची टी-मोल्डिंग पट्टी आहे तिच्यासाठी अख्ख्या कडेत बारीक खाच मारावी लागते, हात हलला की बाजूची फळी गेली. प्लायवूडऐवजी एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबून केलेली फळी) घेतलं असतं तर स्वस्त पडलं असतं, रंगही त्यावर छान बसतो, पण ओल लागली की फुगतं आणि तोच स्क्रू दोनदा काढून लावला की पकड सुटते. स्क्रीनचं पण तसंच, हे गेम सेकंदाला साधारण ६० फ्रेम चालतात म्हणजे एक फ्रेम १६-१७ मिलिसेकंदांची, आणि काही टीव्ही चित्र सुंदर करण्याच्या नादात तीन-चार फ्रेम उशीर करतात, मग बटण वेळेवर दाबूनही मार खाता आणि वाटतं आपलं वय झालं. असा एक स्क्रीन मी तुमच्याच ऑर्डरसाठी आणून परत केला.

घरी चौथ्या हिश्शात होतं का? होतं की, लाकडात खाच मारायचं राउटर मशीन घरात असेल आणि रविवार मोजायचे नसतील तर. माझं पहिलं कॅबिनेट तसंच केलं होतं, सहा महिने लागले, खाच वाकडी गेली, आता वर्कशॉपमध्ये त्यावर रंगाचे डबे ठेवतो.

पण एक गोष्ट मनाला लागली. तुम्ही पहिल्याच फोनवर म्हणाला होतात, "मुलं सुट्टीत खेळतील, मी कधीतरी." कधीतरी खेळणाऱ्याला फुल साइज कॅबिनेट महाग पडतंच, आणि मी कितीही जीव ओतला तरी पडतं, कारण विकायला काढलं तर निम्मे पण येत नाहीत, आपल्या मापाचं आणि आवडीचं केलेलं दुसऱ्याला नको असतं. तुम्हाला टेबलावर ठेवायचं छोटं बारटॉप पुरलं असतं, किंवा नुसतं कंट्रोल पॅनल, टीव्हीला जोडायचं. पाऊण उंचीचे रेडिमेड पण मिळतात, घरी आणून स्वतः जोडायचे, ते काही वाईट नसतात. हे मी तेव्हाच बोलायला हवं होतं. ऑर्डर छोटी होईल म्हणून गप्प बसलो का? थोडंसं हो.

स्टार बदला म्हणत नाही. शनिवारी येतो, कंट्रोल पॅनल नवीन करून आणतो, या वेळी बोल्टवर निघेल असं, म्हणजे बेडरूममध्येही नेता येईल, आणि फोर-वेची प्लेट कशी फिरवायची ते मोठ्या मुलाला दाखवतो. पैसे नाहीत त्याचे. फक्त तोपर्यंत ते अडकलेलं बटण स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, खालची ग्राउंडची वायर एका बटणावरून पुढच्या बटणावर गेलेली आहे, ती सुटली तर त्याच्या पुढची सगळी बटणं बंद पडतील.