डोंगरात जायचंय ना, मग सीसी नको, वजन विचारा

ट्रेल रायडिंगसाठी, म्हणजे डोंगरातल्या कच्च्या वाटांवर चालवायला, गाडी घ्यायचीय असं कुणी म्हणालं की पुढचा प्रश्न ठरलेला, किती सीसीची घेऊ? माझं स्पष्ट मत आहे की हा प्रश्नच चुकीचा आहे, आणि आत्ताचा वीकेंड डोंगरात काढल्यावर तर ते अजूनच पक्कं झालंय. गाडीचं वजन किती आहे आणि दमलेल्या अंगाने, तिरक्या जमिनीवर ती तुम्हाला एकट्याने उचलता येते का, एवढं आधी बघा, इंजिन-बिंजिन नंतर.

आमच्या ग्रुपमध्ये सगळ्या प्रकारच्या गाड्या होत्या, दोनशे सीसीच्या हलक्या होत्या, चारशेच्या आसपासच्या मधल्या होत्या आणि एक मोठी ॲडव्हेंचर बाईक होती, टाकी फुल्ल केली की सव्वादोनशे किलोच्या वर जाणारी. डांबरी रस्त्यावर ती सगळ्यांच्या पुढे होती. डांबर संपून मुरूम सुरू झाला तोपर्यंतही सगळं मस्त चाललेलं. मग आला घसाऱ्याचा चढ.

ज्यांनी असा चढ बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. मुठीएवढे सुटे दगड, त्याखाली भुसभुशीत माती, मधोमध पाण्याने खणलेली चर आणि उजवीकडे उतार. दोनशेवाला आमचा एक मित्र चरीच्या डाव्या कडेने फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभा राहून दुसऱ्या गिअरमध्ये एका लयीत वर निघून गेला, मध्ये दोनदा मागचं चाक सरकलं पण त्याने थ्रॉटल सोडला नाही की वाढवलाही नाही. त्याच्यामागून मोठी गाडी निघाली. अर्ध्यात पुढचं चाक एका दगडाला अडलं, त्याने थ्रॉटल पिळला, मागचं चाक जागच्या जागी फिरायला लागलं, दगड उडाले, आणि गाडी खड्डा खणत खाली बसली. पुढचा ब्रेक दाबून धरलाय तरी गाडी मागे सरकतेय, कारण चढावर बहुतेक वजन मागच्या चाकावर असतं, पुढचं चाक लॉक होऊन नुसतं घसरतं. मागचा ब्रेक दाबावा तर उजवा पाय जमिनीवर टेकवायला लागतोय. खालून ओरडून सांगितलं, "इंजिन बंद कर भावा, गिअरमध्येच राहू दे, क्लच पूर्ण सोड." तेव्हा कुठे गाडी थांबली. मग क्लच जरा जरा दाबत, तोच मागचा ब्रेक समजून, इंच इंच मागे घेत गाडी आडवी वळवायची. हे हलक्या गाडीला एक माणूस करतो, आम्हाला चौघं लागली, एक जण पट्टा ओढतोय, दोघं मागून धरून उभे, आणि सगळ्यांच्या पायाखालचे दगड सरकतायत. चौघांचीही सगळी ताकद तिथेच संपली आणि अजून निम्मा ट्रेल बाकी होता.

मोठ्या गाडीवाल्या मित्राला गाडी येत नाही असं अजिबात नाही, रस्त्यावर तो आमच्यात सगळ्यात चांगला चालवतो. मुद्दा साधा आहे. सुट्या दगडांवर टायरला जेवढी पकड मिळते तेवढीच ताकद जमिनीत उतरते, बाकीची सगळी चाक गरगर फिरवण्यात वाया जाते. म्हणजे शंभर हॉर्सपॉवर असले तरी तिथे वापरता येतात थोडेच, वजन मात्र पूर्णच्या पूर्ण तुमच्या अंगावर येतं. गाडी थोडी कलली की हलकी गाडी मांडीने सावरता येते, जड गाडी एका मर्यादेपलीकडे कलली की सोडून द्यावीच लागते, आणि सोडली नाही तर पाय तिच्याखाली.

आणि हे फक्त माझ्यासारख्या हौशी लोकांचं रडगाणं नाही. डकार रॅलीत, म्हणजे वाळवंटातल्या लांब पल्ल्याच्या प्रसिद्ध शर्यतीत, २०११ पासून बाईक्सना ४५० सीसीची मर्यादा आहे. २०२४ ला आपल्या भारतीय रायडर हरिथ नोआने डकारमध्ये रॅली २ हा मुख्य गटाच्या खालचा गट जिंकला, तोही ४५० च्याच गाडीवर, आणि वाळवंटात हजारो किलोमीटर मारायचे असतात तिथे हे. डोंगराचंच म्हणाल तर ऑस्ट्रियात लोखंडाच्या खाणीच्या डोंगरावर १९९५ पासून एर्झबर्गरोडिओ होते, एंड्युरोतली (खडतर, कच्च्या वाटांवरच्या बाईक शर्यतींतली) सगळ्यात अवघड म्हणून ओळखली जाणारी रेस, शेकडो रायडर सुटतात आणि शेवटपर्यंत मोजकेच पोचतात. तिथे गेली कित्येक वर्षं बोलबाला आहे तो ३०० सीसीच्या टू स्ट्रोक गाड्यांचा, वजन शंभर किलोच्या आसपास. आणि २०१५ ला तर पुढे असलेले चौघं एका भयानक चढावर असे अडकले की शेवटी एकमेकांच्या गाड्या ओढून वर काढल्या आणि चौघांनाही मिळून विजेता जाहीर केलं. जगातले सर्वात भारी रायडर, इतक्या हलक्या गाड्या, तरी एकट्याला जमलं नाही! आणि आपण सव्वादोनशे किलो घेऊन एकटेच निघायच्या गोष्टी करतो.

वजनानंतर महत्त्वाची म्हणजे टायरमधली हवा, आणि याच्याकडे लोक इतकं दुर्लक्ष करतात की जीव तुटतो. रस्त्यावरची २५ ते ३२ पीएसआय हवा तशीच ठेवून डोंगरात घुसायचं आणि मग म्हणायचं टायर पकडत नाही. ट्रेल सुरू होतो तिथे थांबा, २० च्या आसपास आणा, टायर दगडावर बसायला लागतो, हातांना बसणारे दणके लगेच कमी होतात. ट्यूबवाला टायर असेल तर फार खालीही नेऊ नका, दगडाच्या कडेवर रिम आदळून ट्यूब मध्ये चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. त्यामुळे पंप, टायर लिव्हर आणि २१ इंची स्पेअर ट्यूब सोबत हवीच, ती वेळेला मागच्या १८ इंची चाकातही कशीबशी बसते आणि घरापर्यंत आणते. क्लच आणि ब्रेक लिव्हरचे क्लॅम्पही फार घट्ट आवळू नका, गाडी पडली की लिव्हर फिरायला पाहिजे, तुटायला नको.

उभं राहून चालवणं हा वेगळ्या पोस्टचा विषय आहे, इथे एवढंच सांगतो की ते स्टाइल मारायला नसतं. सीटवर बसलात की गाडीला बसणारा प्रत्येक धक्का तुमच्या कण्यात जातो आणि गाडीला खालून मोकळेपणाने हलता येत नाही. उभे राहा, गुडघ्यांनी टाकी धरा, हँडल घट्ट आवळू नका, नजर पुढच्या दगडावर नको तर दहा-पंधरा मीटर पुढच्या वाटेवर. उतारावर पहिला गिअर, क्लच सोडलेला, पार्श्वभाग मागे. बास.

अजून एक, जे मला मनापासून सांगायचंय. वळणावर मागच्यासाठी थांबा. मागचा दिसला, त्याने तुम्हाला बघितलं, मगच पुढे निघा, प्रत्येकाने एवढंच केलं तरी डोंगरात कुणी हरवत नाही. आम्ही यावेळी ते कटाक्षाने पाळलं आणि सगळ्यात अनुभवी माणूस सगळ्यात शेवटी ठेवला, टूलकिट आणि फर्स्ट एड त्याच्याकडे. कारण जो पडतो तो बहुतेक वेळा मागच्यांपैकीच असतो, आणि पुढे गेलेल्याला कळायला अर्धा तास जातो. ओल्या मातीत चाक फिरवून चिखल उडवणारे, फाटक्या सायलेन्सरवाले यांच्यावर तर मला खरंच चीड येते, तीच चर पुढच्या पावसात ओढा होते आणि वाट कायमची बंद पडते, चालणाऱ्यांची पण.

पैसे खर्च करायचेच असतील तर ते आधी चांगल्या ऑफरोड बुटांवर करा, मग नी गार्डवर, मग एखाद्या ट्रेनिंगवर, आणि उरले तर लाइटबार आणि पॅनिअर बॉक्सवर (मागच्या बाजूंना लावायच्या सामानाच्या पेट्यांवर). गाडीखाली पाय सापडणं ही ट्रेलवरची नेहमीची दुखापत आहे आणि स्पोर्ट्स शूज त्यात काहीही वाचवत नाहीत.

आणि गाडी घ्यायच्या आधी, मित्राची असेल तर त्याला विचारून, मोकळ्या जागेत ती आडवी करा आणि एकट्याने उचलून बघा, लागोपाठ तीन-चारदा, हेल्मेट, बूट, गार्ड सगळं घालून. उचलताना कंबरेतून वाकू नका. हँडल पूर्ण वळवून घ्या, सीटला पाठ लावून खाली बसा, एक हात हँडलच्या ग्रिपवर, दुसरा मागच्या ग्रॅब रेलला, आणि पायांच्या जोरावर छोटी छोटी पावलं टाकत मागे रेटा. गाडी गिअरमध्ये असू दे म्हणजे ती पुढे-मागे सरकणार नाही. उजवीकडे पडली असेल तर उचलायच्या आधीच साइड स्टँड काढून ठेवा, नाहीतर एवढी ताकद लावून सरळ केलेली गाडी पलीकडे जाऊन पडते.