नाटक जगवायला मी नाटकाला जात नाही (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार.

यंदाच्या हंगामावरच्या माझ्या लेखाखाली ‘एक सामान्य रसिक, नाशिकरोड’ या नावाने तुम्ही जे लिहिलंत ते नीट वाचलं. ‘आपल्या मताचा आदर आहे’ एवढं लिहून सुटता आलं असतं. पण तुम्ही मुद्दे काढून भांडला आहात, तर उत्तरही तसंच यायला हवं.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. यंदा नाशिकला आलेली बरीचशी व्यावसायिक नाटकं म्हणजे एक तर जुनं गाजलेलं नाटक नव्या संचात, नाहीतर मालिकेतला चेहरा पुढे करून बेतलेली कौटुंबिक कॉमेडी, आणि आपण दोन्हींना सारख्याच उत्साहाने उभं राहून टाळ्या देतो, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं : ‘ताई, आठवडाभर राबलेला माणूस रविवारी दोन घटका हसायला जातो, त्यात तुम्हाला काय खुपतं? जुनी नाटकं नव्या पिढीला दिसणार कधी? निर्माते कर्ज काढून नाटक करतात, तुम्ही अशीच नाकं मुरडलीत तर उद्या नाटकाची बस कसारा घाट चढून वर येणार नाही. आधी नाटक जगलं पाहिजे. हौशी नाटकांचं मात्र तुम्हाला भारी कौतुक, कारण ती फुकट असतात.’

फुकटचं आधी निकालात काढू. हौशी संस्थांच्या राज्य नाट्य स्पर्धेला तिकीट असतं. नाममात्र असतं, पण असतं, आणि ते काढूनच मी आत जाते. स्पर्धेच्या दिवसांत परशुराम साईखेडकर नाट्यगृहात पुढे परीक्षक बसलेले असतात, मागे इतर संस्थांची मंडळी ‘बघू यांनी काय दिवे लावलेत’ अशा चेहऱ्याने बसलेली असतात, आणि मधल्या रिकाम्या खुर्च्यांत आम्ही काही ठरलेली डोकी. तिथे मी भयंकर नाटकंही पाहिली आहेत. मिनिटामिनिटाला ब्लॅकआउट आणि अंधारात टेबल ओढल्याचा आवाज. काही कारण नसताना निळा प्रकाश. काळे कपडे घालून ‘समाज, समाज’ म्हणत फिरणारा जथा. त्यांना मी भयंकरच म्हटलं आहे. पाचशेच्या तिकिटाला एक माप आणि स्वस्तातल्या तिकिटाला दुसरं, असा माझा धंदा नाही.

आता हसण्याचं. विनोदी नाटकाशी माझं वाकडं असण्याचं कारणच नाही. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ लिहिणाऱ्या आपल्याच गावच्या वसंतराव कानेटकरांनी १९६६ मध्ये ‘लेकुरे उदंड जाली’ लिहिलं. विषय काय, तर मूल नसलेलं जोडपं. रडारडीचं नाटक व्हायला त्याला काहीही कमी नव्हतं. कानेटकरांनी त्याचं खुसखुशीत, बोलता बोलता गाण्यात शिरणारं नाटक केलं आणि आतलं दुखणंही जागच्या जागी ठेवलं. इथल्या एचपीटी कॉलेजात शिकवणाऱ्या प्राध्यापकाने हे केलं आणि त्यावर गंभीर माणसंसुद्धा पोट धरून हसली. तेव्हा हसण्याला कमी लेखायचा प्रश्नच येत नाही.

मला खुपतं ते निराळंच आहे. याच हंगामात पाहिलेल्या एका नाटकातला प्रसंग सांगते, नाव घेत नाही. दुसरा अंक. सासऱ्यापासून काहीतरी लपवायचंय म्हणून नायक सोफ्यामागे वाकलेला. तो अचानक उभा राहतो, थेट प्रेक्षकांकडे बघतो आणि म्हणतो, ‘सकाळी तुमच्या नाशिकची मिसळ खाल्लीय, जास्त वाकायला लावू नका!’ सभागृह कोसळलं. त्यावर सासऱ्याचं काम करणाऱ्या नटाला हसू आवरेना. तो पाठ करून उभा राहिला, खांदे गदागदा हलताहेत, नायक त्याला ‘अहो, सांभाळा’ म्हणतोय, आणि लोक आणखी खूश, की बघा, खरंखुरं हसू आलं त्याला! मीही हसले. रात्री कोल्हापूरच्या मावसबहिणीला फोनवर हे सांगायला लागले तर ती म्हणे, थांब, पुढचं मी सांगते. त्यांच्याकडे मिसळीच्या जागी तांबडा रस्सा होता. वाकायची जागा तीच. आणि सासऱ्याचं न आवरलेलं हसूही तिथेच, तसंच, पाठ करून.

म्हणजे ते हसूसुद्धा तालमीतलं! यात गुन्हा काही नाही. नट तालमीतच सगळं बसवतो, रडणंही. पण रडणं नाटकासाठी बसवलेलं असतं. इथे नाटक बाजूला ठेवून ‘आम्ही खास तुमच्यासाठी वाहवत गेलो’ हे बसवलेलं आहे, आणि ते आपल्याला आपलेपणा म्हणून विकलं जातंय. दौऱ्यावरच्या प्रत्येक गावाचा एकेक पदार्थ पाठ केला की झालं. लेखकाने लिहिलेला विनोद त्या अंकात किती उरला होता ते आठवायचा मी प्रयत्न केला. फार काही हाती लागलं नाही. राबून आलेल्या माणसाला हसू हवं हे तुमचं म्हणणं अगदी मान्य, पण राबून आलेल्या माणसाला काहीही चालतं, हा हिशेब तुम्ही कुठून आणलात?

जुन्या नाटकांचा तुमचा मुद्दा अर्धा मला पटतो. प्रशांत दळवींचं ‘चारचौघी’ मूळ १९९१ चं. २०२२ मध्ये चंद्रकांत कुलकर्णींनीच ते पुन्हा उभं केलं, रोहिणी हट्टंगडी, मुक्ता बर्वे, कादंबरी कदम, पर्ण पेठे अशा संचात. लग्नाशिवाय तीन मुली वाढवलेल्या आईचं आणि त्या मुलींचं तीन अंकी नाटक. आजच्या भाषेत ‘कोण बसणार एवढा वेळ?’ लोक बसले. नवऱ्याच्या भानगडीनंतर थोरली मुलगी विद्या फोनवर जे बोलते तो लांबलचक प्रवेश आधी वंदना गुप्ते करायच्या, आता मुक्ता बर्वेंनी केला. एक बाई, एक फोन, पलीकडचं अक्षरही आपल्याला ऐकू येत नाही, आणि तरी जागचं कुणी हलत नाही. मध्यंतरात वड्याच्या रांगेत माझ्या पुढे एक आजोबा त्या धाकट्या विनीवर वैतागले होते. तिला दोन मुलगे आवडतात आणि दोघंही हवे आहेत, ‘हे काय, थट्टा आहे का?’ मागून कॉलेजची एक मुलगी म्हणाली, ‘आजोबा, मग तिच्या आईचं काय? ते चाललं ना तुम्हाला?’ आजोबा गप्प बसले नाहीत. तीही बसली नाही. तिसरी घंटा झाली तरी दोघं हातात वडे घेऊन तिथेच.

जुनं नाटक परत आणायचं ते असं. तीसेक वर्षांनी ते पुन्हा भांडण लावत असेल तर हजार वेळा आणा. माझी तक्रार आहे ती आठवणींच्या मेळाव्याची. नट विंगेतून दिसला की एंट्रीला टाळी, त्याने तोंड उघडायच्या आत पुढच्या तीन रांगा ते गाजलेलं वाक्य म्हणून मोकळ्या, आणि शेवटी सगळे समाधानाने उभे. तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’वरून १९७२ मध्ये सेन्सॉरशी झालेली लढाई थेट हायकोर्टात गेली होती. आता सयाजी शिंदे सखारामचं काम करतात. ते बघून बाहेर आलेले माझ्या ओळखीचे एक गृहस्थ म्हणाले, ‘मस्त एनर्जी!’ सखारामने घरात आणून ठेवलेल्या लक्ष्मीबद्दल नाही, चंपाबद्दल नाही, एनर्जी. नटाचा त्यात काय दोष? दोष असलाच तर आपण नाटकाकडून काही मागायचंच सोडून दिलंय, याचा आहे.

इथे तुमचं मुख्य वाक्य येतं : आधी नाटक जगलं पाहिजे. तुमच्या प्रतिक्रियेत मला सगळ्यात जास्त हेच बोचलं. नाटक म्हणजे आयसीयूतला नातेवाईक नव्हे, की लांबून बघायचं, ‘तब्येत सुधारलीय हं’ म्हणायचं आणि बाहेर येऊन सुस्कारा टाकायचा. मी तिकीट काढते ते नाटक बघायला. ते जगावं म्हणून देणगी द्यायची असेल तर तशी पावती फाडा, देईन. पण तिकिटाच्या पैशात माझं मत आधीच विकत घेतल्यासारखं वागू नका.

निर्मात्याचं गणित मला कळत नाही असंही नाही. पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी माफ आहे, म्हणून कितीतरी नाटकांचं पुढच्या रांगांचं तिकीट पाचशेवर येऊन थांबतं. त्यात नटांच्या नाइट (म्हणजे प्रयोगामागचं मानधन), बॅकस्टेजच्या पोरांचे पैसे, बस, सेटचा टेम्पो, थिएटरचं भाडं, जाहिरात. शनिवारी ठाण्याला प्रयोग करून रविवारी नाशिक गाठायचं, रात्री परत निघायचं. पाऊस असला की बुकिंग थंड. इतकी ओढाताण करून माणसं नाटक आणतात याचं मोल आहेच. पण म्हणूनच सांगते, सगळ्यालाच उभं राहून टाळ्या मिळायला लागल्या तर मेहनतीने नाटक बसवणाऱ्याला आणि मिसळीवर वेळ मारून नेणाऱ्याला आपण एकच निकाल देतो. मग पहिल्याने पुढच्या वेळी कशासाठी मरायचं?

आणि टीकेने नाटक मरतं म्हणता? शिरवाडकरांनी नाशिकला बसून लिहिलेल्या ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७० चा. गणपतराव ऊर्फ अप्पा बेलवलकरांच्या भूमिकेत डॉ. लागू. पुढे दत्ता भटांनी ते काम केलं, सतीश दुभाषींनी केलं. लागूंचे अप्पा खरे की भटांचे, यावर आमच्या घरी जेवणाची ताटं वाळत. माझे मामा लागूंचे, त्यांचे जिवलग मित्र भटांचे. दोघं एकमेकांना ‘तुला नाटकातलं कळत नाही’ असं तोंडावर सांगायचे आणि पुन्हा प्रयोग लागला की दोघंही तिकीट काढायचे, स्वतःचं म्हणणं कसं बरोबर आहे ते बघायला. पन्नास वर्षांहून अधिक काळ ते नाटक लोकांच्या तोंडी आहे. गुळमुळीत कौतुकावर एवढं आयुष्य मिळत नसतं.

‘लोकांना हलकंफुलकंच लागतं’ असंही तुम्ही ओघात म्हणून गेलात. नाटककार प्राजक्त देशमुख आपल्या नाशिकचा. त्याच्या ‘संगीत देवबाभळी’त रंगमंचावर दोनच बायका : तुकोबांची आवली आणि तिच्या घरी राबायला आलेली रखुमाई. संगीत आनंद ओकचं. आधी एकांकिका होती, मग भद्रकाली या नाट्यसंस्थेने २०१७ मध्ये ती व्यावसायिक रंगमंचावर आणली. ना सोफा, ना सासरा. प्रयोग झाले पाचशेच्या घरात. दत्ता पाटील लिहितो आणि सचिन शिंदे बसवतो त्या ‘हंडाभर चांदण्या’मध्ये पाण्याच्या टँकरची वाट बघणं आहे. नांदगाव-येवल्याकडच्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही. ही सगळी आपल्या शहरातली पोरं. पण नाशिककराची गंमत अशी की मुंबईत गाजलं, बक्षीस मिळालं, पेपरात फोटो आला, की मग आपण ‘आमचा प्राजक्त’ म्हणतो. त्याआधी तीच पोरं साईखेडकरला स्पर्धेत नाटक करत असतात तेव्हा खुर्च्या का रिकाम्या असतात, ते मला तुमच्याकडून ऐकायला आवडेल. कॉलेज रोडवर तेवढ्याच वेळात कॉफीला किती जातात, ते नको विचारायला.

‘टीका करण्यापेक्षा स्वतः लिहून दाखवा’ या तुमच्या वाक्याला उत्तर देत नाही. आमटी खारट झालीय हे सांगायला आचारी व्हावं लागत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

शेवटी तुम्ही विचारलंय, मग या हंगामात बघायचं तरी काय? सरळ सांगते. कालिदास कलामंदिरात लागणाऱ्या नाटकांच्या जाहिरातीत चेहऱ्यांच्या खाली लेखकाचं नाव बारीक अक्षरात असतं, ते चष्मा लावून वाचा आणि त्यावर ठरवा. नातवंडं असतील तर बालनाट्याला न्या आणि स्टेजइतकंच त्यांच्याकडेही बघा. कंटाळा आला की ती सरळ चुळबुळ करतात, निर्मात्याच्या कर्जाचा विचार करत नाहीत. आणि दिवाळीनंतर राज्य नाट्य स्पर्धेची फेरी लागली की दोन-तीन संध्याकाळी साईखेडकरला काढा. त्यातलं एखादं नाटक टुकार निघेल, तसं खुशाल लिहा, मी छापते. सिंहस्थाच्या कामांसाठी शहरभर रस्ते उकरलेले आहेत, तेव्हा गाडी आणू नका, नाशिकरोडहून बसने शालिमारला उतरा आणि पुढे चालत या.