पदवीचे पेढे: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

ऊसतोड कामगाराच्या घरातली मुलगी बी.ए. झाली आणि तिच्या आईवडिलांनी वस्तीवर पेढे वाटले, हलगी लावली, गुलाल उधळला. त्यावरचा माझा लेख तुम्हाला खटकला. “आज बी.ए.ला कोण विचारतं? पुढचा पत्ता नाही आणि आधीच गुलाल! तुम्ही प्राध्यापक मंडळी असल्या कौतुकाने पोरांना खोट्या आशेवर ठेवता,” असं तुम्ही लिहिलंत. तुम्ही निवृत्त बँक अधिकारी आहात, हेही त्यात आहे. तुमच्या रागामागे काळजी दिसते, म्हणून सविस्तर लिहिते.

नोकऱ्यांबद्दल तुम्ही म्हणता ते खरंच आहे. 2023च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज आले दहा लाखांहून जास्त. हा आकडा मी दरवर्षी वर्गात फळ्यावर लिहिते. आमच्या मुलांना परिस्थिती माहीत नाही, असं कृपया समजू नका.

पण तो गुलाल नोकरीचा नव्हताच.

मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल जोडीला मिळते, म्हणून लग्नंही लवकर उरकतात. मुलगी लहान असेपर्यंत आजीजवळ राहते. मोठी झाली की तिला मागे ठेवायला आईबाप धजत नाहीत. मग ती उसाच्या फडावर जाते, कोपीत म्हणजे तिथल्या झोपडीत लहान भावंडं सांभाळते, मोळ्या बांधते, आणि आठवी-नववीत शाळा सुटते ती सुटतेच. या मुलीच्या घरीही दर हंगामाला हाच प्रश्न उभा राहायचा: यंदा पोरीचं काय? दर हंगामाला तिची आई म्हणाली, “राहील ती.” भावकी स्थळं घेऊन यायची, तेव्हाही आईचं उत्तर तेच. पदवीचा कागद हातात आला, त्या दिवशी या सगळ्या हंगामांचा हिशोब पुरा झाला. पुढे नोकरी लागली तर त्या आनंदाचे पेढे वेगळे वाटता येतील.

11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशींना वैद्यकीची पदवी मिळाली, तेव्हा तो समारंभ पाहायला पंडिता रमाबाई इंग्लंडहून समुद्र ओलांडून गेल्या होत्या. वर्षही पुरं झालं नाही, 26 फेब्रुवारी 1887 रोजी आनंदीबाई गेल्या. रुग्णसेवेला सुरुवात करायचंही त्यांच्या नशिबी नव्हतं. म्हणून तो दिवस साजरा करण्यात काही चुकलं होतं का? मला तरी तसं वाटत नाही.

एका बाबतीत मी पूर्ण तुमच्या बाजूची आहे. उचल वाढवून घेऊन जेवणावळी घालायला माझा ठाम विरोध आहे. ते पैसे पुढच्या हंगामात पाठ मोडून फेडावे लागतात. इथे तसं झालं नाही. पेढे घरच्या पैशातले होते आणि हलगी शेजारच्यांची.

खोट्या आशेचं म्हणाल, तर माझा अनुभव उलटा आहे. “पेढे नोकरी लागल्यावर” असं ज्यांच्या घरी सांगितलं जातं, ती मुलं पदवी मिळाल्यावर तोंड लपवायला लागतात. कुणी विचारलं की “अभ्यास चालू आहे” म्हणतात. पुण्यात खोली घेऊन एकामागून एक परीक्षा देत राहतात आणि चुलतभावाच्या लग्नालाही गावी येत नाहीत. मधेच एखादं साधं काम मिळत असेल तर तेही धरत नाहीत, कारण ते धरलं म्हणजे हरलो असं त्यांना वाटतं. शिकून पूर्ण केलं त्याचा मान ज्याला घरात मिळाला, त्याला दुकानात हिशोब लिहायला लाज वाटत नाही, हे मी वारंवार पाहिलंय.

आता त्या मुलीचं. ती बँकेच्या क्लार्क भरतीची तयारी करतेय. पदवी कुठल्याही शाखेची चालते, पूर्व आणि मुख्य अशा दोन परीक्षा असतात, मुलाखत नसते. गणित तिला जड जातं. वर्गातल्या आणखी काही मुलींचीही तीच अडचण आहे. तुमची हयात बँकेत गेली आहे. आमच्या महाविद्यालयाचा एक वर्ग शनिवारी दुपारी मोकळा असतो, फळा आहे, मुली येतील. तुम्ही शिकवायला याल का? येण्याजाण्याची व्यवस्था मी करते. उत्तर इथेच खाली लिहिलंत तरी चालेल.