सात रात्री कमी पडल्या तेव्हा

माझी नोकरी फिरतीची. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांची क्वालिटी ऑडिट करते. श्रीपेरुंबुदूर, सानंद, पंतनगर, होसूर, की पुन्हा श्रीपेरुंबुदूर. घर पुण्यात, पण वर्षाच्या पन्नास-साठ रात्री हॉटेलात जातात, आणि त्यातल्या बहुतेक मॅरियटच्या कुठल्या ना कुठल्या हॉटेलात. त्यामुळे त्यांच्या मेंबरशिपमधलं प्लॅटिनम स्टेटस, म्हणजे वरचा दर्जा, आहे. आमच्याकडे नव्याने फिरतीवर लागलेल्या मुली विचारतात, ताई, स्टेटस टिकवायला काय करायचं? त्यांच्यासाठी लिहितेय. पोस्ट लांबणार आहे.

आधी हिशेब. मॅरियट बॉनवॉयमध्ये, म्हणजे त्यांच्या मेंबरशिप योजनेत, वर्षाला १० रात्री झाल्या की सिल्व्हर, २५ झाल्या की गोल्ड, ५० ला प्लॅटिनम. हे दरवर्षी नव्याने कमवायचं. पण एकूण ६०० रात्री आणि प्लॅटिनमची १० वर्षं, या दोन्ही गोष्टी जमल्या की ते आयुष्यभरासाठी मिळतं. गोल्डसाठी ४०० रात्री आणि ७ वर्षं. हयात या दुसऱ्या हॉटेल कंपनीची रीत वेगळी. तिथे आयुष्यभराच्या स्टेटससाठी १० लाख बेस पॉइंट (हॉटेलातल्या खर्चावर मिळणारे मूळ पॉइंट) लागतात, डॉलरला ५ या दराने २ लाख डॉलर खर्च. आपल्यासारख्या पगारदाराला रात्रींचा हिशेबच परवडतो.

ज्यांना फिरती नाही त्यांना वाटतं, हे सगळं फुकटच्या नाश्त्यासाठी. नाही हो. मला प्लॅटिनममधली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती दुपारी ४ चं चेक-आउट. (रिसॉर्ट आणि कन्व्हेन्शन हॉटेलांत खोली शिल्लक असेल तरच, हे लक्षात ठेवा.) शनिवारी ऑडिट दीडला संपतं. सकाळपासून प्रेस शॉपमध्ये उभी, अंगाला तेलाचा वास, सेफ्टी शूजमध्ये पाय सुजलेले, आणि विमान रात्री ८ चं. बाराला खोली सोडायची असती तर सकाळीच बॅग भरून क्लोक रूममध्ये टाकायची आणि तसंच घामेजलेलं विमानात बसायचं. चारपर्यंत खोली असली की आंघोळ होते आणि अर्धा तास पाठ टेकता येते. बाईमाणसाला हा अर्धा तास काय असतो ते मी वेगळं सांगायला नको.

आणखी एक. मी जिथे वारंवार उतरते तिथल्या रिसेप्शनच्या मुली माझ्या खोलीचा नंबर कधीच मोठ्याने उच्चारत नाहीत. किल्लीच्या पाकिटावर लिहितात आणि पाकीट काउंटरवरून सरकवतात. खोली लिफ्टजवळची देतात. हे कुठल्याही स्टेटसच्या यादीत नाही. एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा जाण्याने ते मिळतं, आणि मला त्याची किंमत प्लॅटिनमपेक्षा कमी वाटत नाही.

आता २०२३ बद्दल. सप्टेंबरमध्ये आई साताऱ्याला अंगणात पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन, मग वॉकर. मी तीन महिने फिरती बंद ठेवली. डिसेंबरात ॲप उघडलं तर ४३ रात्री. ५० ला सात कमी. प्लॅटिनमची आठ वर्षं जमा होती, आणि माझी पक्की समजूत होती की एक वर्ष गेलं की माळ तुटली, आता परत पहिल्यापासून.

मी काय करायला निघाले होते ते सांगते, कारण हे पुष्कळ जण करतात. पुण्यातच घराजवळ पाच हजारांची खोली. त्यावर तेव्हाचा १२ टक्के जीएसटी, म्हणजे रात्रीचे ५,६००. सात रात्रींचे ३९,२००. तेही स्वतःच्या खिशातून, झोपण्याचं काही काम नसताना, फक्त आकडा भरायला. पहिली रात्र बुक केली. साताऱ्याहून संध्याकाळी आले आणि थेट हॉटेलात गेले. नऊच्या सुमाराला वहिनीचा फोन, आईला बोलायचं होतं.

"आज कुठल्या गावाला आहेस?"

"पुण्यातच आहे."

"मग घरी का नाहीस?"

मला उत्तर देता आलं नाही. कायतरी बोलून फोन ठेवला. सकाळी किल्ली परत केली आणि स्वारगेटहून साताऱ्याची गाडी धरली. पुढच्या सहा रात्री बुक केल्याच नाहीत. वर्ष ४४ वर संपलं आणि मार्चपासून मी गोल्ड झाले.

आणि मग नियम नीट वाचल्यावर कळलं: दहा वर्षं सलग असावीत अशी अटच नाही. आठ वर्षं होती तिथेच होती. जमलेल्या रात्री कुठे जात नाहीत. मुलींनो, हे घट्ट लक्षात ठेवा. बाळंतपण येईल, घरात आजारपण येईल, नोकरीत खंड पडेल. वर्ष चुकलं तर चुकू द्या. रात्री विकत घेऊ नका. फारच थोड्या कमी पडत असतील आणि पॉइंट साठले असतील तर जिथे खरंच जायचंय तिथे पॉइंटांवर, म्हणजे पैशांऐवजी पॉइंट देऊन, जा, त्या रात्रीही मोजल्या जातात.

शिवाय 'आयुष्यभर' हा शब्द कंपनीचा आहे. २०१६ मध्ये मॅरियटने स्टारवूड ही दुसरी हॉटेल कंपनी विकत घेतली, २०१८ मध्ये दोन्हींचे प्रोग्रॅम एकत्र झाले, २०१९ मध्ये बॉनवॉय हे नाव आलं. त्या उलथापालथीत आयुष्यभराच्या टायटेनियमचा (प्लॅटिनमच्या वरची पायरी) दरवाजा २०१८ अखेर बंद झाला. ज्यांचं तोवर जमलं त्यांचं जमलं. अशा गोष्टीसाठी खिशातले चाळीस हजार घालायचे नसतात.

खरी गळती असते ती ऑफिसात. आमच्या ट्रॅव्हल डेस्कने मध्यंतरी जवळजवळ दीड वर्ष सगळी बुकिंग एजंटच्या साइटवरून केली. त्यातली एकही रात्र माझ्या खात्यात आली नाही. मी भांडले. कंपनीचा कॉर्पोरेट रेट आहे ना, मग थेट हॉटेलकडे बुक करा आणि मेंबर नंबर टाका, एवढंच मागणं होतं. कंपनीला पैसा जास्त पडत नाही. हे मागायला लाजू नका. घर सोडून तुम्ही राहता, त्या रात्री तुमच्या आहेत. तीन खोल्या तुमच्या नावावर घेतल्या तर पॉइंट तिन्हींचे मिळतील, पण रात्र एकाच खोलीची मोजली जाईल, हेही माहीत असू द्या.

२०२४ आणि २०२५, दोन्ही वर्षं पन्नासच्या वर गेली, कामानेच. आज ॲपमध्ये १० वर्षं आणि ५८८ रात्री दिसतात. बारा राहिल्या. त्यातल्या दोन मार्चमध्ये महाबळेश्वरला, पॉइंटांवर, आईसोबत. परवा हॉटेलला फोन करून विचारलं, वॉकर घेऊन बाथरूममध्ये जाता येईल का? फ्रंट ऑफिसचा मुलगा म्हणाला, पाच मिनिटं द्या, आणि खरंच जाऊन उंबरा मोजून आला. दीड इंच. आईला सांगितलं तर म्हणाली, आपल्या मोरीचा याहून उंच आहे, मला जमेल.